समुद्राखालचा रेल्वे बोगदा : सुरक्षेची आखणी आणि पैशाची उभारणी

समुद्राखालून जाणारा रेल्वे बोगदा डोंगरातल्या बोगद्यापेक्षा तीन बाबतींत वेगळा असतो. त्याच्या माथ्यावर कधीही न संपणारे पाणी असते. दोन किनाऱ्यांच्या मधल्या टप्प्यात वरपर्यंत नेणारी विहीर सहसा खोदता येत नाही, त्यामुळे आत जाण्याचा आणि बाहेर पडण्याचा रस्ता दोन टोकांनाच असतो. आणि काम नव्वद टक्के झाले तरी त्याचा काडीचाही उपयोग नसतो. शेवटचा मीटर खोदून, रूळ टाकून, चाचण्या होऊन गाडी धावेपर्यंत एक पैसाही परत येत नाही. पहिल्या दोन बाबी सुरक्षेचा प्रश्न अवघड करतात, तिसरी पैशाचा.

हे दोन प्रश्न बहुधा वेगवेगळ्या टेबलांवर सोडवले जातात. सुरक्षा अभियंत्यांकडे आणि अग्निशमन दलाकडे, पैसा बँकांकडे आणि सरकारच्या अर्थखात्याकडे. जगात बांधल्या गेलेल्या अशा बोगद्यांचा अनुभव मात्र सांगतो की हा मुळात एकच प्रश्न आहे. सुरक्षेचा प्रत्येक निर्णय खर्चाच्या खात्यात उमटतो आणि पैसा उभा करण्याची प्रत्येक पद्धत सुरक्षेचे निर्णय कोणी व केव्हा घ्यायचे हे ठरवते. इंग्लंड आणि फ्रान्स यांना जोडणारा चॅनेल बोगदा हे त्याचे सर्वांत मोठे आणि सर्वांत तपशीलवार नोंदलेले उदाहरण आहे. जपानचा सेइकान, डेन्मार्कचा ग्रेट बेल्ट आणि तुर्कस्तानचा मारमाराय हे त्याला पूरक आहेत, आणि आता मुंबईजवळ ठाणे खाडीखाली होत असलेला बोगदाही या मालिकेत येतो.

खडकाची निवड आणि पाण्याचा सामना

इंग्लंड आणि वेल्स यांमधल्या सेव्हर्न नदीच्या भरती-ओहोटीच्या मुखाखालचा बोगदा ग्रेट वेस्टर्न रेल्वेने १८७३ मध्ये सुरू केला. ऑक्टोबर १८७९ मध्ये खोदकामात पाण्याचा मोठा झरा फुटला आणि बोगदा भरून गेला. वरच्या नदीचे पाणी रोखण्याची तयारी होती. पाणी आले ते जमिनीकडच्या बाजूने, भूगर्भातल्या गोड्या पाण्याच्या साठ्यातून. काम पुन्हा मार्गी लावायला वर्षाहून अधिक काळ गेला. बोगदा १८८६ मध्ये सुरू झाला आणि आजही तो पंप सतत चालू ठेवूनच वापरता येतो. समुद्राखालच्या बोगद्यात पाण्याचा उपसा हा कायमचा चालू खर्च आहे, हे तिथेच स्पष्ट झाले.

सेइकान बोगदा होन्शू आणि होक्काइदो या बेटांना जोडतो. २६ सप्टेंबर १९५४ रोजी वादळात तोया मारू ही रेल्वेची बोट बुडून अकराशेहून अधिक माणसे दगावली आणि बोगद्याच्या मागणीला सरकारी पाठबळ मिळाले. एकूण लांबी ५३.८५ किलोमीटर, त्यांपैकी २३.३ किलोमीटर समुद्राखाली. सर्वांत खोल जागा समुद्रसपाटीखाली २४० मीटर आणि समुद्रतळाखाली १०० मीटर. खडक ज्वालामुखीजन्य आणि भेगाळलेला होता. त्यामुळे मुख्य बोगद्याच्या पुढे एक लहान शोधबोगदा नेला गेला. त्यातून पुढच्या खडकाला लांब छिद्रे पाडून पाणी आणि भेगा तपासल्या जात, सिमेंटचे मिश्रण दाबाने भरून खडक घट्ट केला जाई आणि मगच मुख्य खोदाई होई. एवढे करूनही काम चालू असताना चार मोठे पूर आले. त्यांतला १९७६ चा सर्वांत गंभीर होता. १९६४ मध्ये सुरू झालेले खोदकाम संपून बोगदा १३ मार्च १९८८ रोजी वाहतुकीला खुला झाला. ३४ कामगारांचा जीव त्यात गेला.

चॅनेल बोगद्याचे भूगर्भीय नशीब बरे होते. खडूमिश्रित चिकणमातीचा एक थर खाडीच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत जातो. तो खोदायला मऊ, स्वतःला सावरून धरणारा आणि पाणी फारसे न झिरपू देणारा आहे. मार्गाची आखणी शक्यतो त्याच थरातून केली गेली. तरीही दोन्ही बाजूंची जमीन सारखी नव्हती. फ्रेंच बाजूला भेगा आणि पाणी अपेक्षित असल्याने तोंड बंद करता येणारी, दाब सहन करणारी खोदयंत्रे घेतली. इंग्लिश बाजूला जमीन कोरडी असेल असे धरून उघड्या तोंडाची यंत्रे लावली, आणि सुरुवातीच्या टप्प्यात नेमका तिथेच ओला, भेगाळ खडक लागून काम रखडले. सर्वेक्षणात राहिलेली पोकळी पुढे वेळापत्रकाच्या रूपाने समोर येते.

ग्रेट बेल्टच्या आठ किलोमीटर लांबीच्या रेल्वे बोगद्यात ऑक्टोबर १९९१ मध्ये पाणी शिरले आणि यंत्रे बुडाली. त्यानंतर समुद्रतळात विहिरी घेऊन भूजलाचा दाबच कमी करण्याची योजना राबवली गेली. १९९४ मध्ये एका खोदयंत्राला आग लागली. बोगदा १९९७ मध्ये सुरू झाला, पण खर्च आणि वेळ या दोन्हींचे मूळ अंदाज मागे पडले होते.

मारमाराय बोगद्याने वेगळी पद्धत वापरली. बॉस्फरसच्या तळात चर खणून त्यात तयार काँक्रीटच्या पेट्या बुडवून जोडल्या. हा भाग सुमारे १.४ किलोमीटरचा आणि साठ मीटरच्या आसपास खोल आहे. उत्तर अनातोलिया भ्रंश जवळ असल्याने पेट्यांच्या सांध्यांना भूकंपात हलण्याची मुभा ठेवावी लागली. किनाऱ्यावर येनिकापी इथे बायझंटाइन काळातले बंदर सापडले. उत्खननाला वेळ देणे भाग होते आणि तो दिला गेला. बोगदा २९ ऑक्टोबर २०१३ रोजी सुरू झाला.

आग, धूर आणि बाहेरची वाट

बोगदा बांधताना मुख्य शत्रू पाणी असतो. गाड्या धावू लागल्यावर त्याची जागा आग घेते. आगीपेक्षाही धूर घातक ठरतो, कारण तो नळीतून वेगाने पसरतो आणि माणसांना दिसेनासे करतो. जपानच्या जमिनीवरच्या होकुरिकू बोगद्यात ६ नोव्हेंबर १९७२ रोजी रात्रीच्या गाडीतल्या भोजनयानाला आग लागली. तेव्हाच्या नियमाप्रमाणे गाडी लगेच थांबवली गेली, आणि ती थांबली बोगद्यात. ३० जण मृत्युमुखी पडले, सातशेहून अधिक जखमी झाले. त्यानंतर जपानने नियम उलटा केला: शक्य असेल तोवर जळती गाडी चालवत बोगद्याबाहेर न्यायची. मात्र ५४ किलोमीटरच्या बोगद्यात हे नेहमी साधणार नाही. म्हणून सेइकानमध्ये समुद्राखालच्या भागाच्या दोन टोकांना, तप्पी आणि योशिओका इथे, गाडी थांबवून माणसे उतरवण्याची, धूर काढण्याची आणि आग विझवण्याची सोय असलेली स्थानके बांधली. ३ एप्रिल २०१५ रोजी एका गाडीतून धूर निघाल्यावर १२४ प्रवासी तप्पीच्या वाटेने जमिनीवर आले. सगळे वाचले, पण वर पोहोचायला त्यांना काही तास लागले. सुटकेची वाट असणे आणि ती वृद्ध, आजारी व लहान मुलांना जमणे यांत किती अंतर असते, हे तिथे दिसले.

चॅनेल बोगद्याचा आराखडा याच प्रश्नाभोवती उभा आहे. एकूण लांबी ५०.४५ किलोमीटर, समुद्राखाली सुमारे ३८ किलोमीटर. ७.६ मीटर व्यासाच्या दोन नळ्यांतून प्रत्येकी एका दिशेची गाडी जाते आणि त्यांच्या मधोमध ४.८ मीटर व्यासाचा सेवा बोगदा आहे. दर ३७५ मीटरवर आडवे जोडबोगदे सेवा बोगद्यात उघडतात. सेवा बोगद्यातल्या हवेचा दाब बाजूच्या नळ्यांपेक्षा जास्त ठेवला जातो, त्यामुळे दार उघडले तरी धूर आत न येता शुद्ध हवा बाहेर ढकलली जाते. गाडीची लांबी आणि जोडबोगद्यांचे अंतर यांचाही मेळ घातलेला आहे. सुमारे चारशे मीटरची गाडी कुठेही थांबली तरी तिच्या समोर निदान एक दार येते, आणि डब्यांतून आतल्या आत चालत तिथवर जाता येते. वाटेत दोन ठिकाणी समुद्राखालीच रूळ बदलण्याची मोठी दालने आहेत, म्हणजे एका नळीचा तुकडा बंद पडला तरी वाहतूक पूर्ण थांबत नाही.

तिसरी नळी खोदणे हा मोठा जादा खर्च होता. युरोपातल्या सध्याच्या रेल्वे नियमांत दोन नळ्यांच्या बोगद्यात जोडबोगद्यांचे अंतर ५०० मीटरपर्यंत चालते, म्हणजे चॅनेलची व्यवस्था त्याहून कडक आहे. हा खर्च १८ नोव्हेंबर १९९६ रोजी वसूल झाला. ट्रक वाहून नेणाऱ्या शटल गाडीत आग लागली. तत्त्व गाडी बाहेर नेण्याचे होते, पण रूळ सोडण्याच्या धोक्याची सूचना आल्याने ती आतच थांबवावी लागली. गाडीतले ३४ जण सेवा बोगद्यातून सुखरूप बाहेर आले. काँक्रीटचे अस्तर मात्र शेकडो मीटर अंतरावर उद्ध्वस्त झाले आणि ट्रकची सेवा जून १९९७ पर्यंत बंद राहिली. ११ सप्टेंबर २००८ रोजी पुन्हा ट्रक शटललाच मोठी आग लागली. याही वेळी माणसे वाचली. पूर्ण वाहतूक फेब्रुवारी २००९ मध्ये सुरू झाली.

दोन्ही आगींत एक धागा समान होता. ट्रक नेणारे डबे जाळीदार, अर्धे उघडे होते. बंद डबे जड झाले असते आणि ४४ टनी ट्रक वाहण्याची क्षमता घटली असती, म्हणून वजन आणि उत्पन्न यांचा विचार करून ही रचना स्वीकारली गेली होती. चालकांना वेगळ्या डब्यात बसवून जीविताचा धोका कमी केला, पण मालमत्तेचा आणि महिनोन्महिने बुडणाऱ्या उत्पन्नाचा धोका तसाच राहिला. २००८ नंतर समुद्राखालच्या भागात प्रत्येक नळीत दोन, अशी चार ठिकाणे पाण्याच्या दाट तुषारांनी आग दाबण्यासाठी सज्ज करण्यात आली. जळत्या गाडीने तिथे येऊन थांबायचे, अशी ही व्यवस्था आहे. सेइकानने सत्तरच्या दशकात स्वीकारलेला विचार चॅनेलमध्ये दोन आगींनंतर आला.

बंद पडलेली गाडी हाही सुरक्षेचाच प्रश्न आहे. डिसेंबर २००९ मध्ये कडाक्याच्या थंडीत फ्रान्समधून आलेल्या युरोस्टार या प्रवासी सेवेच्या पाच गाड्या बोगद्यात बंद पडल्या. गाडीत शिरलेला बारीक बर्फ उबदार बोगद्यात वितळून विजेच्या उपकरणांत गेला होता. दोन हजारांहून अधिक प्रवासी अंधारात, उकाड्यात कित्येक तास अडकले. त्यानंतरच्या स्वतंत्र चौकशीने गाड्यांच्या हिवाळी तयारीबरोबरच प्रवाशांशी संवाद आणि सुटकेची पद्धत यांतल्या उणिवा दाखवल्या.

सुरक्षेची मागणी कोणी आणि केव्हा करायची

चॅनेल बोगद्यासाठी ब्रिटन आणि फ्रान्स यांच्यात झालेल्या १९८६ च्या कँटरबरी करारानुसार दोन देशांचा आंतरशासकीय आयोग आणि त्याला सल्ला देणारे सुरक्षा प्राधिकरण नेमले गेले. बांधणारी आणि चालवणारी कंपनी खासगी असताना तपासणारी संस्था तिच्यापासून स्वतंत्र असणे ही योग्यच व्यवस्था होती. अडचण क्रमाची झाली. ठेकेदारांशी करार आधी झाले आणि सुरक्षेच्या काही अटी नंतर आल्या. शटलच्या डब्यांमधली आगरोधक दारे ६० सेंटिमीटर रुंद ठरली होती. ती ७० सेंटिमीटर करण्याचा निर्णय डब्यांचे काम सुरू झाल्यावर आला. दहा सेंटिमीटरच्या या बदलासाठी डब्यांची रचना बदलावी लागली आणि पुरवठा लांबला.

उष्णतेचा मुद्दाही असाच. वेगाने सतत धावणाऱ्या गाड्यांमुळे नळीतले तापमान असह्य पातळीपर्यंत जाईल हे लक्षात आल्यावर थंड पाण्याच्या नळ्यांची शीतकरण व्यवस्था जोडावी लागली. हे काम मूळ ठरलेल्या रकमेत धरायचे की जादा, यावरून बोगदा चालवणारी युरोटनेल कंपनी आणि ट्रान्समांश लिंक हा दहा कंपन्यांचा ठेकेदार गट यांच्यात वाद पेटला. ठेकेदारांनी काम थांबवण्याचा इशारा दिला आणि प्रकरण १९९३ मध्ये ब्रिटनच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेले. सुरक्षेच्या अटी उशिरा ठरल्या तर त्या महाग पडतात आणि भांडणे लावतात. याचा अर्थ त्या सैल कराव्यात असा नाही. त्या किंमत ठरण्याआधी ठरवाव्यात, असा आहे.

पैसा उभा करण्याचे मार्ग

पहिला मार्ग संपूर्ण सरकारी. सेइकान जपानच्या सरकारी रेल्वे बांधकाम महामंडळाने बांधला. खर्च वाढला तरी काम पैशाअभावी थांबले नाही, ही या मार्गाची ताकद. पण बोगदा होईपर्यंत तोक्यो ते सप्पोरो प्रवास विमानाकडे गेला होता. १९८७ मध्ये राष्ट्रीय रेल्वेचे विभाजन झाले तेव्हा बोगद्याचे कर्ज नव्या प्रवासी कंपनीवर न टाकता मालमत्ता निकाली काढणाऱ्या सरकारी संस्थेकडे गेले. अखेर भार करदात्यांनी उचलला. शिनकानसेन ही जपानची वेगवान रेल्वे या बोगद्यातून २६ मार्च २०१६ रोजी धावू लागली, म्हणजे उद्घाटनानंतर २८ वर्षांनी. तरी मालगाड्या त्याच नळीतून जात असल्याने तिचा वेग मर्यादित ठेवावा लागतो. तेवढा काळ वाट पाहणे सरकारलाच परवडते.

दुसरा मार्ग संपूर्ण खासगी. १९७५ मध्ये ब्रिटिश सरकारने पैशाच्या कारणावरून चॅनेल प्रकल्प सोडून दिला होता. मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने तो पुन्हा हाती घेतला तो सरकारी पैसा आणि हमी नसेल या अटीवर. १९८७ च्या कायद्यात ती अट लिहिली गेली. युरोटनेलला बोगदा चालवण्याचा ५५ वर्षांचा हक्क मिळाला. ऑक्टोबर १९८७ च्या शेअर बाजारातील पडझडीनंतर महिन्याभरातच कंपनीने जनतेला भाग विकले. सुमारे शंभर कोटी पौंड भागभांडवल आणि सुमारे दोनशे बँकांकडून पाचशे कोटी पौंडांचे कर्ज, अशी रचना झाली. एक रुपया स्वतःचा आणि पाच उधारीचे, अशा प्रमाणात उत्पन्न वर्षभर लांबले तरी व्याजच मुद्दलासारखे वाढते.

तसेच घडले. बांधकामाचा खर्च मूळ अंदाजापेक्षा ८० टक्क्यांनी वाढला आणि कर्ज उभारण्याचा व सांभाळण्याचा खर्च १४० टक्क्यांनी. उद्घाटन ६ मे १९९४ रोजी झाले, तरी युरोस्टार नोव्हेंबरमध्ये आणि मोटारींची शटल डिसेंबरमध्ये सुरू झाली. पहिल्या वर्षी युरोस्टारला १.५९ कोटी प्रवासी मिळतील असा अंदाज होता. १९९५ मध्ये सुमारे २९ लाख मिळाले. सप्टेंबर १९९५ मध्ये कंपनीने कर्जाच्या मोठ्या भागावरचे व्याज देणे थांबवले. १९९८ मध्ये कर्जाचा काही हिस्सा भागभांडवलात बदलला गेला. हक्काची मुदत आधी ६५, मग ९९ वर्षे, म्हणजे २०८६ पर्यंत वाढवली गेली. २००६ मध्ये कंपनीने फ्रान्समधल्या न्यायालयाचे संरक्षण घेतले आणि २००७ मध्ये सुमारे ९०० कोटी युरोंचे कर्ज ४१६ कोटींपर्यंत उतरवले. पहिला लाभांश २००९ मध्ये निघाला. बोगदा टिकला, देशांना उपयोगी पडला. फ्रान्समधल्या छोट्या गुंतवणूकदारांची मात्र पुंजी बुडाली.

तिसरा मार्ग डेन्मार्कचा. तिथे मालकी सरकारी कंपनीकडे असते, ती सरकारच्या हमीवर बाजारातून स्वस्त कर्ज घेते, आणि परतफेड पथकर व रेल्वेकडून मिळणाऱ्या ठरावीक रकमेतून होते. ग्रेट बेल्टमध्ये रस्त्याचा पूल आणि रेल्वेचा बोगदा यांचे खाते एकत्र ठेवल्याने बोगद्याची खर्चवाढ पचली. जर्मनीला जोडणाऱ्या १८ किलोमीटरच्या फेमर्नबेल्ट बोगद्यासाठी हीच पद्धत आहे. तिला युरोपीय न्यायालयात आव्हान मिळाले आणि २०२० मध्ये सरकारी हमीची मुदत व रक्कम मर्यादित करून मंजुरी दिली गेली. हमी अमर्याद असू नये, हा त्यामागचा आग्रह रास्त आहे.

चौथा मार्ग दोन देशांतल्या सवलतीच्या कर्जाचा. मारमारायला जपानचे आणि युरोपीय गुंतवणूक बँकेचे कर्ज मिळाले. अशा कर्जाचा व्याजदर कमी आणि मुदत लांब असते. मात्र चलनाचे मूल्य बदलले तर परतफेडीचा बोजा बदलतो, आणि तंत्रज्ञानाची निवड बऱ्याच अंशी कर्जाबरोबर येते.

अंदाज का चुकतात

प्रवाशांचा अंदाज हा कर्जाचा पाया असतो, म्हणून तो फुगण्याकडे कल असतो. चॅनेलच्या अंदाजात तीन गोष्टी कमी धरल्या गेल्या: बोटींच्या कंपन्या भाडी उतरवून टिकून राहतील हे, स्वस्त विमानसेवा येतील हे, आणि लंडनकडचा वेगवान मार्ग पूर्ण व्हायला नोव्हेंबर २००७ उजाडेल हे. रेल्वे कंपन्यांनी पहिली बारा वर्षे किमान शुल्क देण्याचा करार केला नसता, तर युरोटनेल आणखी लवकर कोसळली असती. अभ्यासक बेंत फ्लुब्यर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ च्या ग्रंथात याच बोगद्याचा दाखला देऊन म्हटले की मोठ्या प्रकल्पांत खर्च कमी आणि फायदा जास्त दाखवण्याची सवय सार्वत्रिक आहे. त्यावर उपाय म्हणजे तशाच पूर्ण झालेल्या प्रकल्पांच्या प्रत्यक्ष आकड्यांशी नवा अंदाज ताडून पाहणे.

ठाणे खाडीखालचा बोगदा

मुंबई–अहमदाबाद या ५०८ किलोमीटरच्या वेगवान रेल्वेमार्गावर वांद्रे-कुर्ला संकुल ते शिळफाटा असा २१ किलोमीटरचा बोगदा आहे. त्यांपैकी सात किलोमीटर ठाणे खाडीखालून जातात. समुद्राखालून जाणारा हा देशातला पहिलाच रेल्वे बोगदा. खाडीतले फ्लेमिंगो अभयारण्य आणि खारफुटी वाचवण्यासाठी मार्ग जमिनीखाली नेला गेला. सोळा किलोमीटर खोदयंत्राने आणि सुमारे पाच किलोमीटर सुरुंगाच्या सुधारित पद्धतीने, अशी कामाची विभागणी आहे. एकच १३.१ मीटर व्यासाची नळी आणि तिच्यात दोन्ही रूळ, अशी रचना आहे.

इथे चॅनेलसारखा समांतर सेवा बोगदा नाही. त्यामुळे विक्रोळीची आणि घणसोलीजवळची खोल विवरे आणि घणसोलीचा ३९४ मीटरचा आडबोगदा यांना बांधकामापुरते नव्हे, तर कायमचे महत्त्व आहे. आणीबाणीत माणसे बाहेर काढण्यासाठी आडबोगदा वापरता येईल असे नियोजन आहे. एका नळीत दोन रूळ असताना समोरची गाडी थांबवणे, धुराची दिशा ठरवणे आणि बाहेरची मदत त्या आडबोगद्यापर्यंत पोहोचवणे या तिन्ही गोष्टींचा सराव मुंबई आणि नवी मुंबईच्या अग्निशमन दलांनी गाडी धावण्याआधी करायला हवा.

पैशाची रचना चौथ्या मार्गाची आहे. मूळ अंदाज १ लाख ८ हजार कोटी रुपयांचा. त्याचा ८१ टक्के भाग जपानच्या कर्जातून, ०.१ टक्का व्याजाने, पन्नास वर्षांच्या मुदतीने आणि पहिली पंधरा वर्षे परतफेडीची सवलत देऊन, अशी आखणी झाली. भागभांडवलात केंद्राचे १० हजार कोटी आणि महाराष्ट्र व गुजरात यांचे प्रत्येकी ५ हजार कोटी. इतक्या सवलतीच्या कर्जामुळे चॅनेलसारखी व्याजाची कोंडी होण्याची शक्यता कमी असली, तरी वाढता खर्च आणि येनचा दर हे धोके सरकारकडेच राहतात.

आखणीचा क्रम

या सर्व अनुभवांतून नियोजनाचा एक क्रम निघतो. आधी खडकाचा तपास, आणि त्यासाठी सढळ खर्च, कारण तिथे वाचवलेला पैसा पुढे अनेक पटींनी जातो. मग सुटकेचा आराखडा: नळ्या किती, जोडबोगदे किती अंतरावर, गाडी कुठे थांबवायची, धूर कसा काढायचा. त्याला स्वतंत्र सुरक्षा संस्थेची संमती मिळाल्यावरच गाड्यांची रचना आणि ठेके. त्यानंतर खर्चाचा अंदाज, ज्यात अनपेक्षित खडकासाठी, बंद काळातल्या बुडीत उत्पन्नासाठी आणि आयुष्यभराच्या पंप व दुरुस्तीसाठी तरतूद असेल. शेवटी भांडवल: जमिनीखालचा धोका ज्याला पेलवेल त्याच्याकडे, म्हणजे बहुतेक वेळा सरकारकडे; आणि रोजच्या कारभाराचा धोका चालवणाऱ्या कंपनीकडे. सरकारी हमीला मर्यादा असावी आणि ती संसदेसमोर उघडपणे मांडलेली असावी.

हा क्रम उलटला, म्हणजे आधी रक्कम ठरली आणि मग सुरक्षा तिच्यात बसवली गेली, की चॅनेलमध्ये झाले तसे वाद आणि विलंब होतात. किंवा त्याहून वाईट म्हणजे, काटकसर प्रवाशांच्या जिवावर होते. बोगद्याचे आयुष्य शंभर वर्षांहून अधिक धरले जाते आणि कर्ज कितीही मोठे असले तरी कधीतरी फिटते. चुकीच्या ठिकाणी वाचवलेले जोडबोगदे मात्र नंतर खोदणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून सुरक्षेचा आराखडा हाच पैशाच्या आराखड्याचा पहिला भाग मानायला हवा.